काशीला सोडलेलं सीताफळ

"मंदा, अगं रागावू नकोस हं," जाऊबाई फोनवर म्हणाल्या. 'रागावू नकोस' असं म्हणून सुरू झालेलं बोलणं कधी धड ठिकाणी जाऊन पोचलंय का?

मी ओट्यापाशी उभी होते. दशम्या फडक्यात बांधून झाल्या होत्या, शेंगाची चटणी डब्यात दाबून भरली होती. बॅग दाराशी होती. थोड्या वेळात काशीची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन लागणार होती. आदल्या संध्याकाळी पुण्याहून यायच्या होत्या त्या जाऊबाई, आमच्या उज्ज्वलाताई, अजून आल्या नव्हत्या, फोन आला होता.

"सिंगापूरचं अचानक ठरलं गं. सुनेनं परस्पर तिकिटं काढली, आता नाही कसं म्हणायचं? तू पुढच्या वर्षी जा की. काशी काय पळून चाललीय?"

"नाही ताई, काशी कुठं पळतीय," मी म्हणाले. "पळता येत नाही ते मला."

त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. मग म्हणाल्या, "आत्याबाईंना माझा नमस्कार सांग," आणि फोन ठेवला.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांचं नाव द्वारका. नावात एवढं मोठं तीर्थ, पण बाई बार्शीच्या बाहेर गेल्या त्या फार तर माहेरी वैरागला, नाहीतर तुळजापूरला. त्या वर्षी त्यांचं डोकं चळायला लागलं होतं. म्हणजे एकदम नाही. एखाद्या दिवशी लख्ख असायच्या, भाजीत मीठ कमी पडलं तर वासावरनं सांगायच्या. आणि एखाद्या दिवशी पोटच्या पोराला "कुणाकडं आलात?" म्हणून विचारायच्या. सकाळी उठून दोन लुगडी गाठोड्यात बांधायची आणि "गाडी आली का?" म्हणत दारात बसायचं, हा तर रोजचाच उद्योग. त्यांना वैरागला जायचं असायचं. तिथं आता त्यांचं कुणीसुद्धा राहिलं नव्हतं.

त्यांना आंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, सगळं माझ्याकडं. ह्यांना त्या जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. "परक्या पुरुषाला आत कशाला घेतलंस?" म्हणून कालवा करायच्या. म्हणून तर जाऊबाईंना बोलावलं होतं. त्या येणार म्हणून मी गल्लीतल्या बायकांच्या गाडीत जागा धरली होती. आणि आता त्या सिंगापूरला निघाल्या होत्या.

हे बिचारे समोर येऊन उभे राहिले. "मी रजा टाकतो शाळेतनं. तू जा."

"आणि आंघोळ?"

ह्यांनी मान खाली घातली. मग चहासुद्धा न घेता शाळेत निघून गेले. घरात थांबून माझं तोंड बघायची त्यांना हिंमत नव्हती.

मी गाडीपर्यंत गेले, तेवढं तरी सांगायला हवंच होतं. पार्वतीबाई खिडकीतनं ओरडल्या, "अगं मंदे, बॅग कुठंय?" मी हातानंच नाही म्हणून खुणावलं. सगळ्याजणी चुकचुकल्या. एकीनं विचारलं, तुझ्यासाठी काय आणू? मी म्हणाले, गंगा आणा. गाडीनं वळण घेतलं आणि पार दिसेनाशी होईपर्यंत मी हसऱ्या तोंडानं हात हलवत राहिले. हात खाली आला तेव्हा खांदा दुखत होता.

खरं सांगू? मला देवाधर्माची फार ओढ होती असं काही नाही. मला जायचं होतं. कुठंही. लग्न होऊन आल्यापासून मी गावातल्या एकूण एक मावंद्याला जेवले होते. काशीहून कुणी आलं की गंगेची पूजा घालून जेवण घालतात, ते मावंदं. पुरणपोळी खायची, गंगा डोळ्यांना लावायची, आलेल्या जोडप्याच्या पाया पडायचं आणि त्यांच्या तोंडून घाट, बोटी, आरत्या ऐकायच्या. मी एवढं ऐकलं होतं की काशीत डोळे बांधून सोडलं असतं तरी घाट सापडला असता. त्यात जाऊबाईंचे फोनवर येणारे फोटो. आज मनाली, उद्या केरळ. प्रत्येक फोटोत त्यांचा तो पांढरा चष्मा आणि मागं डोंगर नाहीतर समुद्र. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी खाली 'खूपच छान ताई' लिहून दोन गुलाबाची फुलं टाकायची. असला जळफळाट बाई वैऱ्याच्यासुद्धा वाट्याला येऊ नये.

घरी आले ती तडक मागच्या अंगणात गेले. तिथं आमचा हौद आहे. बार्शीत नळाला पाणी येतं ते त्याच्या मर्जीनं, म्हणून घरोघर हौद. आमचा चांगला ऐसपैस, सिमेंटचा, सासऱ्यांनी बांधलेला. शेजारी धुण्याचा दगड आणि वर सीताफळाचं झाड. त्या दगडावर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. घरात आवाज जाऊ नये एवढं भान होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागनं आवाज आला, "उठ, उठ. गाडी आली."

आत्याबाई दारात उभ्या. काखेत गाठोडं.

"आज नाही हो आत्याबाई," मी डोळे पुसत म्हणाले. "वैरागची गाडी आज नाही."

"वैरागला कोण चाललंय? काशीची गाडी आलीय. तुझी बॅग घे. आणि दशम्या राहिल्यात आत, त्या विसरशील."

आज हे नवीनच खूळ, मी मनात म्हटलं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. नाही म्हटलं की त्या दिवसभर रडायच्या, आणि रडायला त्या दिवशी घरात मी एकटी पुरेशी होते. मी बॅग आणली, दशम्या आणल्या. पडवीत त्यांची बाज होती, तिच्यावर त्या चढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "खिडकीजवळ तू बस. तुला बघायचं असतंय."

मी बसले. कशाकडं बघणार? समोर कपडे वाळत घालायची तार होती.

"कुर्डुवाडी आली," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "उतर. इथं गाडी बदलायचीय."

आम्ही उतरलो. अंगणाला एक फेरी घालून परत बाजेवर बसलो. दौंडला त्यांना चहा हवा झाला. मी करून आणला तर म्हणाल्या, "दौंडच्या मानानं चहा बरा आहे." मला फिसकन हसू आलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसताना फार विचित्र वाटतं, पण आलं खरं.

"किती लांब आहे हो काशी?" मी विचारलं.

"आली की. ही काय."

हौदावरचा पत्रा त्यांनीच बाजूला सारला. आदल्याच दिवशी पाणी आलं होतं, हौद काठोकाठ भरलेला. झाडातनं ऊन पडून पाणी चमचमत होतं. आत्याबाईंनी गाठोडं खाली ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. एवढ्या मनापासून की माझेही हात आपोआप जोडले गेले.

मग स्नान. कार्तिकातलं गार पाणी. मी एक तांब्या त्यांच्या खांद्यावरनं ओतला तर बाई अशा किंचाळल्या की झाडावरचे कावळे उडाले. "अगं बाई गं! गंगा गार असतीय हे कुणी सांगितलंच नाही की!" आणि दुसरा तांब्या त्यांनी हिसकावून घेऊन सरळ माझ्या डोक्यावर ओतला. मी नेसत्या पातळानिशी चिंब. रागवायला तोंड उघडलं तर पाणीच आत गेलं. आम्ही दोघी हसतोय, हसतोय, थांबता थांबेना. त्या बोळक्या तोंडानं हसत होत्या आणि मी ठसका लागून हसत होते.

मग एका द्रोणात फुलवात लावून ती पाण्यावर सोडली. द्रोण हौदाच्या ह्या कडेपासून त्या कडेला गेला आणि अडकला. "पोचला," त्या म्हणाल्या. एका छोट्या तांब्याच्या गडूत त्यांनी पाणी भरून घेतलं, तोंडाला फडकं बांधलं. "गंगा घरी न्यायला पाहिजे. नाहीतर लोक काय म्हणतील?"

अंग पुसून, कोरडं नेसून आम्ही दगडावर दशम्या सोडल्या. उन्हात पाठ शेकत होती. शेंगाची चटणी, वर दह्याचा गोळा. झाडाखाली दोन पिकलेली सीताफळं पडली होती, ती आत्याबाईंनी उचलली. सीताफळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. झाड त्यांनीच लावलेलं. मोसमात नातवंडांनासुद्धा मोजून द्यायच्या आणि स्वतः मात्र कोपऱ्यात बसून बिया फुर्र फुर्र उडवत हाणायच्या. एक फोडलं, तोंडाजवळ नेलं आणि थांबल्या.

"काशीला काहीतरी सोडावं लागतंय ना गं?"

तशी पद्धत आहेच. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू कायमची सोडायची. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. हुशार माणसं कारलं सोडतात.

"लागतंय की," मी म्हणाले.

"मग मी हे सोडलं," म्हणून त्यांनी फोडलेलं सीताफळ माझ्या हातात दिलं. "तू खा. आता तू काय सोडतेस?"

"मी काय सोडू?"

"तुला सगळ्यात काय आवडतं?"

मला काही सुचेना. खरंच सुचेना. बाईमाणसाला असं कोण विचारतं? मग तोंडातनं निघून गेलं, "मला असं कुठंतरी जायला मिळालं ना आत्याबाई, तर फार आवडेल. तेवढंच आवडतं बघा."

"मग ते सोड," त्या म्हणाल्या आणि दशमी खायला लागल्या.

मी हसले. सीताफळ खाल्लं. इतकं गोड लागलं की सांगता येत नाही. ऊन चढलं तशी सावली सरकत गेली आणि आम्हीही तिच्याबरोबर सरकत बसलो. त्या माझे ओले केस बोटांनी विंचरत होत्या. सकाळी गेलेली गाडी आत्ता कुठवर पोचली असेल हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी सुखात होते. तेव्हा ते कळलं नव्हतं एवढंच.

संध्याकाळी हे दबकत दबकत घरात शिरले. दोघींचे मोकळे केस बघून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"काशीला जाऊन आलो," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच खुणावलं. मग त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि आईच्या पाया पडले. काशीहून आलेल्याच्या पडतात तसे. आणि वळून माझ्याही पायाला हात लावला. "अहो, काय हे!" मी मागं सरकले. तर म्हणाले, "पद्धत आहे."

गडू देवघरात गेला. तिथं जाऊबाईंनी दिलेला खऱ्या गंगेचा, तोंडाला कथलाचा डाख लावून बंद केलेला गडू होता, त्याच्याशेजारी.

पुढचं वर्ष वाईट गेलं. आत्याबाई आणखी आणखी विसरत गेल्या. सासऱ्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती, पण त्या त्यांचं ताट वाढायला सांगायच्या. एकदा आरशातल्या बाईला बसायला पाट दिला. पण नवरात्रात सीताफळं पिकली आणि मी ताटलीत फोडून पुढं केलं, तर मान वळवली. मला वाटलं भूक नसेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी मुद्दाम भरवायला घेतलं तर ताटलीच सरकवून दिली. बाई माझं नाव विसरली होती, मला "ए पोरी" म्हणत होती, आणि सीताफळाला शिवत नव्हती.

दिवाळीनंतर त्यांनी अन्नच टाकलं. पेज तोंडातनं बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, आता औषध राहू द्या, काय आवडतं ते द्या, दोन घास गेले तरी ताकद येईल. आवडतं काय हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी झाडावरचं शेवटचं चांगलं सीताफळ उतरवलं. बिया काढल्या, गर वाटीत घेतला आणि दुपारी त्यांच्याजवळ बसले.

"आत्याबाई, एक चमचा. माझ्यासाठी."

ओठ घट्ट मिटलेले.

"एवढंच. बघा तरी किती गोड आहे."

"सोडलंय," त्या म्हणाल्या. आवाज वाळल्या पानासारखा. "काशीला सोडलंय ना."

मला रडूच कोसळलं. पोटात अन्नाचा कण नाही आणि माझ्या एका दुपारच्या खेळापायी ही बाई उपाशी जाणार. मी वाटी खाली ठेवली, त्यांचा हात धरला आणि सांगून टाकलं. "आत्याबाई, ती काशी नव्हती हो. आपण कुठंच गेलो नव्हतो. तो आपला हौद होता, मागचा. काही सुटलेलं नाही. खा तुम्ही."

त्यांनी डोळे उघडले. त्या दिवशी ते डोळे लख्ख होते. मला ओळखत होते.

"हौद आहे ते मला कळत नाही होय गं मंदा?" त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं बांधलाय. मी घमेली वाहिलीत त्याला."



"मग... मग तुम्ही गाडी आली म्हणालात..."

"तू रडत होतीस." त्यांना दम लागला, थांबल्या. "दगडावर बसून. तोंडात पदर घालून. माझ्यापायी तुझी गाडी गेली. म्हटलं, हिला जरा काशीला नेऊन आणावं. मला दुसरीकडं कुठं नेता येतंय?"

वर्षभर मी समजत होते की मी त्यांना खेळवलं. सगळ्यांना तसंच सांगत होते. कौतुक करून घेत होते.

"मग हे कशाला सोडलंत?" मी वाटीकडं बघत कशीबशी म्हणाले. "खेळच होता तर..."

"खेळ कसा?" त्यांना राग आला, त्याही अवस्थेत. "गेलो होतो ना आपण? तू हसलीस ना? मग झाली की यात्रा. सोडलेलं असं परत खातात होय?"

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि जाताना आपलं पाणी घाल तोंडात. उज्ज्वलाचं तिला राहू दे. मी आणलेलं घाल."

नंतर त्या झोपल्या. जागं झाल्यावर मला परत "ए पोरी" म्हणाल्या.

चार दिवसांनी, सकाळी उन्हं पडवीत आली तेव्हा त्यांचा श्वास लागला. जाऊबाई आदल्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी घाईघाईनं देवघरातला आपला गडू आणला, डाख फोडायला अडकित्ता घेतला. मी दुसरा गडू घेऊन आले आणि फडकं सोडलं.

"अगं, हे काय?" जाऊबाई म्हणाल्या. "वेड लागलं का तुला? खरी गंगा असताना हौदातलं पाणी घालतेस शेवटचं?"

"ताई, ही त्यांनी स्वतः आणलीय," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्या हातात तुळशीचं पान दिलं. मी त्या पानावरनं दोन थेंब सोडले. आत गेले. एक वर्ष शिळं पाणी ते, पण गेलं. ओठ थोडे हलले, हसल्यासारखे. तेवढंच.

जाऊबाई हातात बंद गडू धरून उभ्या होत्या. नंतर, सगळं आटोपल्यावर, हौदाच्या दगडावर येऊन माझ्याशेजारी बसल्या. पांढरा चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "मला कधी असं कुठं नेलं नाही गं त्यांनी." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढी वर्षं ज्या बाईवर जळले, तिची मला त्या दिवशी फार दया आली.

अस्थी घेऊन हे आणि मी काशीला गेलो. खऱ्या. कुर्डुवाडीला गाडी बदलली, दौंडचा चहा प्यालो. तो वाईटच होता. घाट पाहिला, बोट पाहिली, आरती पाहिली. सगळं ऐकलं होतं तसंच होतं, त्याहून मोठं होतं. पाण्यात उतरले तर गंगा गार होती आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. मी तांब्या भरला आणि हातात धरून तशीच उभी राहिले. कुणाच्या अंगावर ओतणार?

घाटावरच्या गुरुजींनी विचारलं, "बाई, काय सोडणार?"

"माझं सोडून झालंय," मी म्हणाले.

आणि ते खरंही होतं. त्यानंतर मी कुणाच्या जाण्यायेण्यावर कधी जळले नाही. जाऊबाई अजून फोटो पाठवतात, मी अजून गुलाबाची फुलं टाकते, आता मनापासून टाकते. हेवा मात्र गेलाय असं कसं म्हणू? कार्तिकात ऊन पडवीत आलं, हौदावरचा पत्रा सरकवला की दोन बायका दिसतात. एक म्हातारी, एक ओल्या केसांची, दगडावर बसून दशमी खाताहेत आणि खुळ्यासारख्या हसताहेत. जगात मला आता हेवा वाटतो तो त्या दोघींचा.